टपावरची सायकल

बुधवार, ४ जून

उद्या निघायचं. गाडीत दोन मोठी पातेली, गॅसची शेगडी, मक्याच्या पिठाचं पोतं, चीजचा डबा, हवेचे पंप, सुट्या ट्यूब आणि होरियाच्या गोळ्या चढवल्या. गोळ्या मी तीन जागी ठेवल्यात: गाडीच्या कप्प्यात, माझ्या पर्समध्ये आणि त्याच्या सायकलच्या पिशवीत. पिशवीतल्या तो काढून टाकणार आणि तिथे नट आवळायचे पाने कोंबणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

लोकांचे नवरे रिटायर होतात आणि टोमॅटो लावतात. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, गेल्या ऑक्टोबरात छाती उघडून घेतली आणि एप्रिलमध्ये मला म्हणाला, "ओली, आपण सायकलसफरी काढू या." डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण सपाट रस्त्यावर आणि दमाने. याने 'सायकल चालवा' एवढं ऐकलं आणि पुढच्याला बहिरा झाला. तिर्गु-जिउपासून डोंगरांतून थेट डॅन्यूब नदीपर्यंत जायचं, आठवडाभर. बुखारेस्टची माणसं त्यासाठी पैसे भरून येणार आहेत. घाम गाळायला पैसे भरतात! का भरत असतील, हे मला या आठवड्यात कळून घ्यायचं आहे.

मी गाडी चालवणार, स्वयंपाक करणार आणि होरियावर नजर ठेवणार. तिसरं काम जाहिरातीत छापलेलं नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना आमची नावं आणि माझा फोन नंबर रंगवून घेतलाय, दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. ती कल्पना माझी.

गुरुवार, ५ जून

नऊ पाहुणे आणि दहावा होरिया. मागून मी.

पाहुण्यांत दोघं लक्षात राहण्यासारखी. एक सिल्विउ, कॉम्प्युटरवाला पोरगा, सायकल एवढी हलकी की एका बोटावर उचलून दाखवतो. खातो मात्र मोजून. मी मक्याच्या पिठाची ममालिगा वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला. दुसरी झोए, दातांची डॉक्टर, माझ्याच वयाची, जीभ तिच्या सुईपेक्षा टोकदार. माझ्याशी लगेच जमलं.

पुढारी पुढे असतो अशी माझी आपली समजूत. होरिया दिवसभर सगळ्यांच्या मागे, माझ्या गाडीच्या अगदी नाकासमोर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्याची पाठ बघत होते. पाठ वर-खाली झाली की माझा जीव वर-खाली. चढावर तो उभा राहून पायडल मारायला लागला की मी हॉर्न वाजवायची, मग तो परत बसायचा.

जेवताना विचारलं, "तू मागे का रे?"

"मागचा माणूस हरवू नये म्हणून."

"मागचा माणूस तूच आहेस!"

"तेच तर."

धड उत्तर द्यायचं नाही, ही या माणसाची जुनी खोड. नंतर झोए भांडी विसळायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमचे हे जबरदस्त आहेत हं. तुम्ही पाणी भरायला थांबला होतात ना, तेवढ्यात गाणं म्हणत टेकडीच्या डोक्यावर पोचले. मग तुमची गाडी दिसेना म्हणून परत खाली उतरले."

म्हणजे वर जाऊन धाप लागली आणि खाली आला. आणि गाणं कशाला, तर कुणाला धाप ऐकू जाऊ नये म्हणून. मी काय ओळखत नाही याला? उद्यापासून सकाळची गोळी माझ्या डोळ्यांदेखत.

शनिवार, ७ जून

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज, कारण बोलायला कुणी नाही. होरिया माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे बोलतो, 'मीठ दे', 'दिवा बंद कर'. ते काही बोलणं नव्हे.

झालं असं. आज पितरांचा शनिवार आहे, हे होरियाच्या नकाशात नव्हतं. सगळ्या देशाचा भूगोल पाठ, पण कॅलेंडर बघायचं राहिलं! पहिल्याच गावात शिरलो तर प्रत्येक फाटकाशी एक बाई उभी. हातात नवा मातीचा मग, मगाच्या कानाला पेटती मेणबत्ती चिकटवलेली, वर गोल पाव. "घ्या हो, माझ्या आईच्या नावाने." "थांबा, थांबा, हे माझ्या दिराच्या नावाने." पोमाना, म्हणजे मेलेल्याच्या नावाचं दान, म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नाही. आपण खाल्लं की तिकडे त्यांच्या माणसाला पोचतं, आपण नको म्हटलं की तो उपाशी. आभार मानायचे नाहीत, 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, देवाने त्याला क्षमा करावी, आणि खायला लागायचं.

सिल्विउ पहिल्या दोन फाटकांवर "मी गोड खात नाही" म्हणाला. तिसऱ्या फाटकावरच्या आजीने त्याच्याकडे असं बघितलं की गडी मुकाट्याने बसला खायला. दुपारपर्यंत पोराने अर्ध्या गावाचे मेलेले जेवू घातले. त्याच्या त्या बोटावर उचलायच्या सायकलला चारी बाजूंनी मग लटकले होते आणि चढावर ते एकमेकांवर आपटून वाजत होते. झोए हसून हसून खाली पडायची बाकी होती.

असं करत करत उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही कोर्नेत्सेलला पोचलो. डोंगराच्या कुशीतलं गाव, निम्म्या घरांना कुलपं. शेवटच्या घराशी एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी.

"थांबा रे! सगळे थांबा!"

मला वाटलं पुढे गाय आडवी आली असेल. गाडीतून उतरून बघते तर फाटकाला टेकून एक हिरवी सायकल. जुनी, जाड नळीची, एकटीचं वजन वासराएवढं असेल. पण धुऊन पुसून लख्ख केलेली. हँडलला भरतकामाचा टॉवेल बांधलेला आणि घंटीवर मेणबत्ती पेटत होती.

"तुमच्यातला कोण घेणार?" म्हातारीने विचारलं.

तिने मग एकेकाच्या तोंडाकडे बघत सांगायला सुरुवात केली. तिचं नाव सावेता. नवरा पांतेलिमोन, मार्चमध्ये गेला. जन्मभर खालच्या लाकूडगिरणीत कामाला, रोज या सायकलवरून जायचा-यायचा.

"त्याचा कोट दिला, खाट दिली, बूट दिले. सायकल कुणाला देऊ? गावात पोरं राहिली नाहीत, सगळी इटलीत. जे राहिलेत त्यांना गुडघे नाहीत. शेजारचा मला दे मला दे म्हणतो, पण मेला भंगारात घालेल. आणि हा रोज स्वप्नात येतोय, पायी! म्हणतो, सावेता, बूट झिजले. सकाळपासून देवाला म्हणत होते, बाबा रे, एक तरी माणूस पाठव पाय मारणारा." तिने आमच्या रांगेवरून नजर फिरवली. "त्याने टोळीच पाठवली."

"मावशी, किती सुंदर सायकल! फोटो काढू?" सिल्विउ म्हणाला.

"फोटोवर बसून जाईल का तो?"

सिल्विउ मगांच्या आड लपला. झोए म्हणाली, तिच्या उंचीला दांडा जमणार नाही. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. प्रत्येकाकडे स्वतःची सायकल, आणि पुढे घाट.

"चालवायची मात्र हं," म्हातारी म्हणाली. "वर्ष भरेपर्यंत तरी. अंगणात उभी केलीत तर तोही तिकडे उभा राहील." बोलताना ती हँडलच्या टॉवेलची गाठ परत परत आवळत होती. आपलं दान कुणीच घेत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

आणि मग माझ्या शहाण्याने स्वतःची सायकल कुंपणाला टेकवली, टोपी काढली, पुढे झाला आणि हिरव्या सायकलचं हँडल धरून म्हणाला, "बोगदाप्रोस्ते, सावेतामावशी. देव पांतेलिमोनला क्षमा करो."

म्हातारीने सायकलच्या सीटचा मुका घेतला. सीटचा! मग होरियाच्या दोन्ही गालांचे.

होरिया हिरव्या सायकलवर बसून निघाला, त्याची स्वतःची मी गाडीत टाकली. गाव दिसेनासं झाल्यावर गाडी आडवी घातली.

"उतर."

"ओली, आता घेतली ना..."

"घेतलीस ना? घे. तुझी झाली. आता टपावर टाक. या रणगाड्यावर तू तो घाट चढलास तर वर कोण पोचेल? तू की तुझा फोटो?"

"ती म्हणाली चालवायची."

"ती म्हणाली! तुझी छाती तिने शिवली का? मी बसले होते त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर, ती नाही. एक तर सायकल टपावर जाईल, नाहीतर मी परत तिर्गु-जिउला जाईन आणि हे नऊ जण आज रात्री मातीचे मग चावतील."

त्याने हँडलचा टॉवेल सोडला, नीट घडी करून खिशात घातला आणि सिल्विउच्या मदतीने सायकल टपावर चढवली. उलटी, चाकं आभाळाकडे. पट्टे आवळले. स्वतःच्या हलक्या सायकलवर बसला आणि आज पहिल्यांदा पुढे निघून गेला. रात्रीच्या मुक्कामापर्यंत मला त्याची पाठ दिसली नाही.

मी काय चूक केली? दिलं तिथेच पोचलं, नाही का? घेणाऱ्याने घेतलं, बोगदाप्रोस्ते म्हटलं, मेणबत्ती पेटलेली होती. पुढे सायकल टपावर आहे की कुठे, हे तिकडे कोण मोजत बसलंय? आणि कोट दिलेला माणूस जूनमध्ये कोट घालून फिरतो का?

तरी जेवताना घास उतरेना.

रविवार, ८ जून

चर्चचा मोठा सण. मुक्कामाच्या घरी दारांना लिंडनच्या झाडाच्या डहाळ्या... हे मी काय लिहितेय, डोकं ठिकाणावर नाही. सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी चर्चची घंटा व्हायच्या आधी माझा फोन वाजला.

"गाडीवर नंबर आहे तो तुझाच ना?"

"हो. आपण कोण?"

"सावेता. कोर्नेत्सेलची. काय केलंत तुम्ही त्याच्या सायकलचं?"

"का हो मावशी?"

"काल आला. पायीच! आणि सायकल डोक्यावर! लग्नात टेबल नेतात तशी, उलटी, चाकं वर. मान वाकडी झालीय त्याची. मला म्हणतो, सावेता, मी तुझं काय वाईट केलं होतं?" आणि म्हातारी रडायला लागली. "पोरी, पायी होता तेव्हा निदान हात तरी मोकळे होते गं."

उलटी. चाकं वर. हे तिला कुणी सांगितलं?

मी काही अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी शोध लावायचं ठरवलं. काल घाटात आम्हाला पाववाल्याची गाडी आडवी गेली होती, त्याने टपाकडे बघितलंही होतं. बस, त्यानेच जाऊन सांगितलं असणार! सकाळी तोच पाव घेऊन आला तेव्हा त्याला गाठलं.

"काल तू कोर्नेत्सेलला काय सांगितलंस रे?"

"कुठलं कोर्नेत्सेल, ताई? घाटाखाली माझं रेडिएटर फुटलं. रात्रभर गाडीत झोपलो. तिथले लोक आज शिव्या देत असतील मला."

मग सिल्विउला विचारलं, त्याने फोटो कुठे पाठवले का. म्हातारीकडे बटणांचा फोन आहे म्हणे, त्याने बघितला होता. झोएला विचारलं तर तिने खांदे उडवले. "ताई, मी दात काढते. स्वप्नं काढत नाही."

होरियाला सांगायचं नव्हतं, पण माझं तोंड! त्याने सगळं ऐकलं आणि उठून सरळ टपाचे पट्टे सोडायला लागला.

"उद्या मी चालवतो ती."

"उद्या कालच्याहून मोठा घाट आहे."

"मग हळू चालवीन."

"होरिया, मी तुझ्या पाया पडते."

"अगं, एका म्हाताऱ्याला मान वाकडी करून फिरावं लागतंय माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे! आणि तो मेलाय!"

तो टपावर चढलेलाच होता. तिथूनच वाकून त्याने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजी काय करू विचारावं तसं, "ओली, मी गेलो तर माझं काय काय देशील?"

"काही देणार नाही," मी ओरडले. सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. "सुतळीचा तोडासुद्धा देणार नाही! अनवाणी बस तिकडे, उपाशी बस. ते माहीत असलं म्हणजे जायचं नाव घेणार नाहीस."

आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत बसले, म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारणार नाही.

मला भीती वाटते. इथे लिहायला काय लाज? ऑक्टोबरपासून एक दिवस असा नाही की मी पहाटे त्याच्या नाकाशी हात धरून बघितला नाही. आणि आता मेलेल्या माणसाची सायकल त्याच्या बुडाखाली? जो तिकडे एकटा चालून कंटाळलाय, त्याला सोबत हवीशी वाटली तर? मी विश्वास ठेवत नाही म्हणाले ना वर. ते खरं आहे. पण उगाच कशाला?

जेवणं झाल्यावर मी म्हातारीला फोन लावला. "मावशी, घेतली त्याने. पण दुसऱ्या कुणी चालवली तर चालेल का?"

"दुसरं कोण?"

"मी. त्याची बायको."

"एकाच पातेल्यातलं जेवता ना?"

"हो."

"मग काय हरकत? धुतलेला हात घरातल्या कुणाचाही चालतो. पण पोरी, तुला येते का सायकल?"

"येते तर!" मी म्हटलं. लग्नाआधी येत होती.

सोमवार, ९ जून

होरियाच्या हातात गाडीची किल्ली ठेवली तेव्हा तो हसला नाही. हसला असता तर मी ती किल्ली त्याला फेकून मारली असती. "ब्रेक उलटं पायडल मारून लागतो," एवढंच म्हणाला, आणि तो टॉवेल परत हँडलला बांधला.

पहिल्या दोनशे पावलांत मी एक कोंबडी, एक कुंपण आणि सिल्विउ यांच्यातून कशीबशी वाचले. की ते माझ्यातून वाचले. मग पायांना जुनं आठवलं. सीट लाकडाची असावी, वर नावाला कातडं. पांतेलिमोनचं बूड कशाचं होतं देव जाणे.

आणि घाट! देवा रे, तो घाट. गिअर नाहीत. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता संपला, आणि वळून बघावं तर पुढचा चढ वाट बघत उभा. मी पांतेलिमोनशी बोलायला लागले. बोलायला कसलं, शिव्या द्यायला. "मेलास तू आणि घाम गाळायचा मी? एवढी जड सायकल घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं? रोज यावरून जायचास? बायकोला कधी बसवलंस का कॅरिअरवर? आणि माझ्या नवऱ्याकडे वाकड्या नजरेने बघायचं नाही हं, सांगून ठेवते. तुला सोबत पाहिजे तर मी आहे, घे, ही काय मी, चल! पण त्याच्याकडे बघायचं नाही." बाकीचे सगळे कधीच पुढे निघून गेले होते. मागे फक्त गाडीचा आवाज, पहिल्या गिअरमध्ये कण्हत. होरियाने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

दोनदा उतरून ढकलली. एकदा गवतात बसले आणि आता मेले तरी उठणार नाही म्हणाले. मग उठले.

वर पोचल्यावर काय झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. पुढे उतार, दोन्ही बाजूंना नुकतं कापलेलं गवत, आणि ती सायकल, तो रणगाडा, एकदम हलकी झाली. मी पाय मारायचे थांबवले. टॉवेल फडफडत होता. मी ओरडत होते, भीतीने नव्हे. खाली पोचेपर्यंत मी कुणाची बायको, कुणाची आई, काय काय गोळ्या कधी द्यायच्या, काहीच डोक्यात नव्हतं. म्हणजे यासाठी भरतात पैसे! हे आधी कुणी सांगितलं असतं तर दर वाढवला असता.

संध्याकाळी झोएने माझ्या पायांना मलम चोळलं. होरियाला चोर्बा, आपलं आंबट सूप, वाढला तर तसाच ढवळत बसला.

"काय झालं रे? छातीत दुखतंय?"

"नाही गं. दिवसभर तुझी पाठ बघत होतो."

"मग?"

"काही नाही. चढावर तू थांबायचीस तेव्हा माझं काय व्हायचं, ते सांगता येत नाही." मग त्याने खिशातून डबी काढली आणि मी न सांगता गोळी घेतली.

घाटात गाडी चालवून चालवून डोकं धरलं असेल बिचाऱ्याचं. त्याला सवय नाही ना.

मंगळवार, १० जून

बसता येत नाही. उभ्याने लिहिते आहे. आज सपाट रस्ता होता. अर्धा दिवस मी चालवली, अर्धा दिवस त्याने. मी गाडीतून बघत होते. हॉर्न वाजवला नाही.

म्हातारीचा फोन नाही. दोनदा बघितलं, फोन सुरू आहे का.

बुधवार, ११ जून

डॅन्यूब. सगळ्यांनी बूट काढून पाय बुडवले. सिल्विउने सगळे मग घरी न्यायचे म्हणून शर्टात गुंडाळले आणि दुपारी स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी अजून सगळ्यांच्या पिशव्यांची बांधाबांध करत होते तेव्हा फोन वाजला.

"कोण होती ती बाई?" सावेतामावशीचा आवाज, नमस्कार नाही चमत्कार नाही.

"कुठली बाई?"

"काल रात्री आला. कॅरिअरवर बसून! आणि पुढे एक बाई, चांगली भरलेली, पायडल मारतेय आणि त्याला शिव्या देतेय. सगळ्या रस्ताभर! आणि तो हसतोय, गुलाम! मी सायकल त्याला दिली होती, कुणा बाईला नव्हे."

शिव्या मी एकटी असताना दिल्या होत्या. होरिया मागे, काचा वर केलेल्या. त्याने ऐकलं असेल का? त्याने हिला सांगितलं असेल का? मी वळून बघितलं. तो लांब पाण्यात उभा राहून झोएला नदीपलीकडचा देश दाखवत होता.

"मावशी," मी म्हटलं, "ती मीच."

मी फोन एवढा घट्ट धरला की कान दुखायला लागला. आणि मला विचारायचं होतं ते एकच, ते मी विचारलं, "मावशी, मग मी... मीही त्याच्याबरोबर तिकडे गेले का हो?"

"तू कशाला जातेस? खुळी कुठली!" म्हातारीचा आवाज एकदम मऊ झाला. "वळणावर उतरलीस ना तू. सायकल त्याच्या हातात दिलीस, रुमालाने तोंड पुसलंस आणि मागे फिरलीस. तुझा नवरा उभा होता तिथे, गाडी घेऊन."

"आणि पांतेलिमोनकाका?"

"तो बसला सीटवर आणि गेला पुढे. चांगला जोरात गेला. मी इतक्या हाका मारल्या, पण मेल्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही." ती जराशी थांबली, मग हसली का रडली ते मला नीट कळलं नाही. "गिरणीत जायचा तेव्हाही कधी बघायचा नाही."

मग म्हणाली, मागच्या चाकात हवा कमी राहते, दोन दिवसांनी भरत जा, आणि फोन ठेवला. मी पंप शोधला, वाळूत उभ्या असलेल्या सायकलपाशी गेले आणि हवा भरायला लागले. रडू आवरेना. होरिया पाण्यातून धावत आला आणि विचारायला लागला काय झालं, काय झालं. काही नाही म्हटलं, तू पंप धर.